मॅकवर बिल उघडायला गेलं की विंडोज का सुरू होतं, आणि बंद करूनही परत का येतं

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच की दुसरा ते कळेल. मॅकबुकवर एक्सेलच्या फाइलवर डबल क्लिक केलं की मॅकमधलं एक्सेल बाजूला राहतं आणि पॅरलल्सची (मॅकच्या आत विंडोज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) खिडकी पुढे येते. विंडोज सुरू होतं, बराच वेळ गोल फिरतं आणि मग त्याच्या आतल्या एक्सेलमध्ये तुमची फाइल दिसते. स्पॉटलाइटमध्ये, म्हणजे मॅकच्या शोधपट्टीत, क्रोम शोधलं तर दोन क्रोम. डॉकमध्ये न बोलावलेल्या प्रोग्रामांची चिन्हं, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात दोन उभ्या लाल रेघा. उलट दिशेनेही हेच: विंडोजमध्ये टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामातून रिपोर्टची पीडीएफ काढली तर ती ॲक्रोबॅट सोडून मॅकच्या प्रिव्ह्यूत उघडायला जाते.

आंब्याच्या सीझनला देवगडकडून येणाऱ्या फोनांमध्ये हे गाऱ्हाणं हमखास असतं. एका बागायतदार काकांनी त्याचं सार एका वाक्यात सांगितलं: "अरे, मी बिल उघडूक गेलंय, तर ह्यो विंडोजच जागो झालो!"

व्हायरस नाही, लॅपटॉप बिघडलेला नाही, फॉर्मॅट मारायची तर अजिबात गरज नाही. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर, मुळात असंच चालावं म्हणून बनवलेलं आहे. मॅक आणि त्याच्या पोटातलं विंडोज यांच्यातला भेद जाणवू नये, हा त्यामागचा विचार. ज्याला दोन्हीकडचे प्रोग्राम एकत्र हवे असतात त्याला तो आवडतोही. पण ज्याला विंडोज फक्त टॅलीपुरतं हवंय, त्याच्या दृष्टीने ती डोकेदुखी.

आपल्याकडे ही जोडी वाढली त्याला कारण आहे. २०२० च्या शेवटी ॲपलने एम१ चिपचे मॅक आणले आणि त्यांच्यावर बूट कॅम्पची सोय राहिली नाही. त्याआधी इंटेल मॅकवर विंडोज वेगळं टाकून, मशीन सुरू करताना दोहोंपैकी एक निवडता यायचं. दोन्ही एकाच वेळी चालत नव्हती, त्यामुळे एकमेकांत लुडबूड करायचा प्रश्नच नव्हता. नव्या मॅकवर व्हर्च्युअल मशीन हाच सरळ मार्ग उरला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॅरलल्समधून विंडोज ११ ची आर्म आवृत्ती (एम१ सारख्या, इंटेलहून वेगळ्या जातीच्या चिपसाठीची) चालवायला अधिकृत मान्यताही दिली. टॅली मॅकसाठी येत नाही, आर्किटेक्टचं रेव्हिट येत नाही. मग मुंबई-पुण्याहून मॅकबुक घेऊन गावी आलेला मुलगा घरच्या आंबा-काजूच्या धंद्याचा हिशेब बघायला लागला, किंवा सावंतवाडीत एखाद्या आर्किटेक्टने ऑफिस थाटलं, की ही जोडी आलीच.

परत परत का होतं

लोक सेटिंगमधली एक खूण (टिक) काढतात, दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. याचं कारण, मॅक आणि विंडोज यांच्यामधली वाट एक नसते. दोन परड्यांमधल्या गडग्याला चार ठिकाणी खिंडार असेल आणि तुम्ही एकच बुजवलंत, तर गुरं दुसऱ्यातून येणारच. इथली खिंडारं अशी: विंडोजचे प्रोग्राम मॅकला दिसणं, मॅकचे प्रोग्राम विंडोजला दिसणं, कोणती फाइल कशात उघडायची याची मॅकची स्वतःची नोंद, एखाद्या सुट्या फाइलवर मारलेला शिक्का, आणि डेस्कटॉप-डॉक्युमेंट्ससारखे सामाईक फोल्डर. पॅरलल्सच्या सेटिंगमध्ये यातल्या पहिल्या दोन आणि शेवटच्याचा बंदोबस्त होतो. मधल्या दोन गोष्टी मॅकच्या ताब्यात आहेत, तिथे पॅरलल्सचं काही चालत नाही. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

आधी विंडोज खरोखर बंद करा

खिडकीचं लाल बटण दाबलं म्हणजे विंडोज बंद झालं असं नाही. बहुतेक वेळा ते सस्पेंड होतं, म्हणजे आहे त्या अवस्थेत गोठतं. सेटिंगमधल्या काही खुणा राखाडी दिसत असतील, हात लावू देत नसतील, तर हेच झालेलं असतं. विंडोजच्या स्टार्ट मेनूतून नीट शट डाउन करा. त्याआधी टॅलीतून बाहेर पडा. पावसाळ्यात लाइट जाते-येते तेव्हा टॅली उघडं ठेवून मशीन गोठवायची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती तशीही सोडलेली बरी.

मग पॅरलल्सच्या कंट्रोल सेंटरमध्ये तुमच्या विंडोजच्या नावाशेजारी चाकाचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करा. ऑप्शन्स, त्यात ॲप्लिकेशन्स. इथे दोन मुख्य खुणा आहेत. 'शेअर विंडोज ॲप्लिकेशन्स विथ मॅक' ही पहिली, 'शेअर मॅक ॲप्लिकेशन्स विथ विंडोज' ही दुसरी. आवृत्तीनुसार शब्द थोडे इकडेतिकडे असतील. पहिली काढलीत की विंडोजचे प्रोग्राम मॅकवर दिसणं बंद, दुसरी काढलीत की मॅकचे प्रोग्राम विंडोजमध्ये दिसणं बंद. तिथेच डॉकमध्ये विंडोज प्रोग्रामांचा फोल्डर दाखवायची खूण असते, तीही काढा. नुसतं डॉकमधलं चिन्ह ओढून बाहेर टाकण्यात अर्थ नाही. मूळ खूण चालू आहे तोवर नवा प्रोग्राम विंडोजमध्ये टाकला की त्याचंही प्यादं मॅकवर उभं राहतं.

प्यादं म्हणजे काय, तर विंडोजमधल्या प्रोग्रामासाठी पॅरलल्स मॅकवर एक छोटा डमी प्रोग्राम तयार करतं. तो स्वतः काही करत नाही. त्याला हाक मारली की तो विंडोजला उठवतो आणि फाइल आत ढकलतो. हे डमी तुमच्या होम फोल्डरात, ॲप्लिकेशन्स या नावापुढे कंसात पॅरलल्स लिहिलेल्या फोल्डरात राहतात. शेअरिंग बंद केल्यावर तो फोल्डर उघडून बघा. काही उरलं असेल तर कचऱ्यात टाका आणि मॅक रीस्टार्ट करा. यात तुमचा खरा विंडोज प्रोग्राम किंवा डेटा जात नाही. मात्र शेअरिंग चालू असताना नुसते डमी उडवलेत तर ते पुन्हा उगवतील. अनेकांचं 'परत आलं' हे एवढंच असतं.

आता मॅकच्या नोंदी

कोणत्या प्रकारची फाइल कशात उघडायची, याची नोंद मॅकमध्ये लाँच सर्व्हिसेस नावाची यंत्रणा ठेवते. कधीतरी कोणीतरी, बहुधा नकळत, एक्सेलच्या फाइलींसाठी विंडोजचं एक्सेल निवडलेलं असतं. ती निवड बदलायची पद्धत सोपी आहे. फाइंडरमध्ये त्या प्रकारची एक फाइल निवडा, कमांड आणि आय दाबा. माहितीची खिडकी उघडेल. त्यात 'ओपन विथ' खाली मॅकचा प्रोग्राम निवडा आणि लगेच खालचं 'चेंज ऑल' दाबा. विचारेल, हो म्हणा. असं एक्सेलच्या जुन्या आणि नव्या दोन्ही प्रकारांसाठी वेगवेगळं करावं लागतं. कारण मॅकच्या लेखी ते दोन प्रकार आहेत, आपल्या लेखी एकच एक्सेल. वर्ड, पीडीएफ आणि सीएसव्हीचंही तसंच. सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, लोक विसरतात आणि मग बँकेचं स्टेटमेंट डाउनलोड केलं की विंडोज पुन्हा हजर.

वेबच्या लिंकांचा त्रास असेल तर मॅकच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप अँड डॉक या पानावर डीफॉल्ट वेब ब्राउझर असतो. तो सफारी किंवा मॅकचं क्रोम करा. नाव वाचून खात्री करा, कारण यादीत दोन क्रोम असू शकतात.

इतकं सगळं करूनही काही ठरावीक फाइली हट्टाने विंडोजमध्येच उघडतात. शंभर बिलं नीट, पाच-दहा वाकडी. इथे बहुतेक लोक हात टेकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माहितीच्या खिडकीत प्रोग्राम बदलला आणि 'चेंज ऑल' दाबलं नाही, तर तो बदल फक्त त्या एका फाइलीपुरता लागतो. राइट क्लिक करून, ऑप्शनची कळ दाबल्यावर दिसणारं 'ऑलवेज ओपन विथ' वापरलं तरी तसंच. हा शिक्का फाइलीच्या सोबत, तिच्या जादा माहितीत लिहिला जातो आणि प्रकाराच्या नोंदीपेक्षा तो वरचढ ठरतो. म्हणजे 'चेंज ऑल' केलंत तरी शिक्का मारलेली फाइल आपलंच खरं करते.

यात गोम अशी की फाइंडरमध्ये फाइलीची कॉपी काढली तर शिक्काही कॉपी होतो. आता आपल्याकडे बिलं कशी बनतात ते आठवा. एक जुनं कोरं बिल असतं, पेटीचा दर, डझन, ट्रान्सपोर्टचं भाडं असे रकाने घातलेलं. गिऱ्हाईक आलं की त्याची डुप्लिकेट काढायची, नाव बदलायचं, आकडे भरायचे. त्या मूळ कोऱ्या बिलावरच विंडोजचा शिक्का असेल, तर त्याच्यापासून निघालेलं प्रत्येक बिल तो घेऊनच जन्माला येतं. तुम्ही सेटिंग कितीही दुरुस्त करा, उद्याचं नवं बिल पुन्हा विंडोजला उठवणार. बागायतदार काकांच्या मॅकवर नेमकं हेच होतं. आधीच्या सीझनला पोरांपैकी कोणीतरी ते कोरं बिल 'ऑलवेज ओपन विथ' ने विंडोजमध्ये उघडून बघितलं होतं, तेव्हापासून ही साखळी सुरू.

उपाय आधी मूळ फाइलीवर करायचा. तिची माहिती उघडा, 'ओपन विथ' मध्ये मॅकचं एक्सेल निवडा, बस. मग तिच्या कॉप्या जिथे आहेत तो फोल्डर उघडा, सगळ्या फाइली निवडा आणि कमांड, ऑप्शन, आय एकत्र दाबा. सगळ्यांसाठी मिळून एकच खिडकी उघडते, तिथे बदललंत की सगळ्यांचा शिक्का एका फटक्यात बदलतो. फाइल संशयित आहे की नाही ते ओळखायला तिच्यावर राइट क्लिक करून 'ओपन विथ' ची यादी पाहा. सगळ्यात वर कोणाचं नाव आहे आणि त्यापुढे डीफॉल्ट कोणाला म्हटलंय, ते लगेच कळतं.

नाहीशी झालेली सेटिंगं आणि जुन्या कॉप्या

स्नॅपशॉट (व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: स्नॅपशॉटमध्ये मशीनचा डेटाच नव्हे, त्या दिवसाची सेटिंगंही असतात. टॅलीचं अपडेट बिघडलं म्हणून मार्चच्या स्नॅपशॉटवर परत गेलात, तर एप्रिलमध्ये काढलेली खूण पुन्हा लागलेली सापडू शकते. सेटिंग दुरुस्त झाल्यावर नवा स्नॅपशॉट घ्या आणि जुने काढून टाका.

शिवाय ही सेटिंगं प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची स्वतंत्र असतात. सीए ऑफिसांत एकाच विंडोजच्या दोन-तीन कॉप्या ठेवलेल्या मी पाहिल्यात, एक चालू वर्षासाठी, एक जुन्या फायलिंगसाठी. प्रत्येकीत जाऊन खुणा काढाव्या लागतात. जुनी कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर असेल आणि डिस्क मॅकला जोडली, तर तिच्यावरचे प्रोग्रामही यादीत डोकावू शकतात. त्या जुन्या कॉपीचा फोल्डर स्पॉटलाइटच्या प्रायव्हसी यादीत टाकलात की निदान शोधात तरी येणार नाही. नवा मॅक घेऊन जुन्यावरून सगळं मायग्रेट केलं असेल, तर होम फोल्डरातले डमीही सोबत आलेले असतात. तिथेही सफाई करा.

उलटी दिशा: विंडोजमधून मॅककडे

विंडोजमध्ये 'ओपन विथ' च्या यादीत एखाद्या नावापुढे कंसात मॅक लिहिलेलं दिसलं, तर तो मॅकचा प्रोग्राम आहे. शेअरिंगची दुसरी खूण काढल्यावर विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात डीफॉल्ट ॲप्स, आणि तिथे पीडीएफ शोधून ॲक्रोबॅट रीडर ठरवा.

हे नुसतं सोयीचं म्हणून सांगत नाही. डिजिटल सही केलेली पीडीएफ प्रिव्ह्यूत उघडली, तिच्यावर एखादी खूण केली, आणि सेव्ह झाली, तर फाइल बदलली जाते आणि सही बाद ठरू शकते. रिटर्न किंवा टेंडरच्या शेवटच्या दिवशी हे कळलं की काय होतं ते विचारू नका. सही केलेल्या पीडीएफ विंडोजमध्येच उघडायच्या, आणि त्या ठेवायच्या सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात, हा नियम मी ऑफिसांना घालून देतो.

डिजिटल सही ज्यात असते त्या पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनचं मात्र वेगळं आहे. ते लावल्यावर मॅकला जोडायचं की विंडोजला, असं पॅरलल्स विचारतं. विंडोज निवडून पसंती लक्षात ठेवायला सांगा. एम मालिकेच्या मॅकवर अडचण दुसरीच येऊ शकते. तिथलं विंडोज आर्म प्रकारचं असल्यामुळे टोकनचा ड्रायव्हरही आर्मसाठी बनवलेला लागतो. इंटेलचे साधे प्रोग्राम त्यावर नक्कल करून चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. टोकन विकणाऱ्याला आधी हे विचारा, मग पैसे द्या.

'आयसोलेट' ची खूण जपून

इंटरनेटवर शोधलंत तर पहिला सल्ला हाच मिळेल: ऑप्शन्स, सिक्युरिटी, 'आयसोलेट विंडोज फ्रॉम मॅक'. एका खुणेत सगळं बंद. खरंच बंद होतं: प्रोग्राम, फोल्डर, प्रोफाइल, क्लिपबोर्ड, फाइली इकडून तिकडे ओढणं, सगळं. मला ही खूण आवडते, पण पहिल्या फटक्यात ती लावू नये, कारण टॅली.

अनेकांच्या विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर हा प्रत्यक्षात मॅकचाच असतो. टॅलीचा डेटा तिथे ठेवलेला असेल आणि आयसोलेट लावलंत, तर टॅली उघडल्यावर कंपनी सापडणार नाही. डेटा गेलेला नसतो, मॅकवर जागच्या जागी असतो, फक्त विंडोजची तिथली वाट बंद झालेली असते. पण मालकाच्या पोटात गोळा यायचा तो येतोच. म्हणून आधी टॅलीतून बॅकअप घ्या, डेटा सी ड्राइव्हवर हलवा, टॅलीला नवा मार्ग दाखवा, सगळ्या कंपन्या उघडतात का बघा, आणि मगच ती खूण. त्यानंतर बॅकअपची सवयही बदलावी लागते. विंडोजची सगळी डिस्क टाइम मशीनला (मॅकच्या बॅकअपच्या सोयीला) एक अवाढव्य ऐवज म्हणूनच दिसते, त्यातून एकट्या कंपनीचा डेटा वेगळा काढता येत नाही. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर रोज वेगळा घ्या.

इतका खटाटोप कोणी करावा? ज्यांच्या विंडोजमध्ये अनोळखी ईमेलच्या फाइली उघडल्या जातात, त्यांनी नक्की. सामाईक फोल्डरात विंडोजला लिहायची मुभा असते. आत एखादं रॅन्समवेअर शिरलं तर ते मॅकवरच्या त्या फाइलीही कुलूपबंद करू शकतं. घरच्या एका मॅकवर फक्त टॅली चालत असेल, तर वरच्या दोन खुणा पुरेत.

दुसरी सॉफ्टवेअर, थोडक्यात

पॅरलल्ससारख्याच व्हीएमवेअर फ्यूजनमध्ये मशीनच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ॲप्लिकेशन्स म्हणून भाग असतो. तिथे दोन्ही दिशांचा निर्णय होतो, बाकी मॅकच्या नोंदींचं सगळं वरच्यासारखंच.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये फाइली आपोआप उघडायचा प्रकार नाही. तिथे तक्रार येते ती विंडोजच्या खिडक्या अचानक मॅकच्या खिडक्यांत मिसळल्याची. तो सीमलेस मोड. होस्ट कळ आणि एल दाबलं की तो चालू होतो. मॅकवर होस्ट कळ म्हणजे डावीकडची कमांड, आणि कमांड-एल ही तर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत जायची रोजची सवय. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत असताना बोट तिकडे गेलं की घोटाळा. तेच पुन्हा दाबा, मोड बंद होतो. नेहमीच होत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये होस्ट कळ बदलून टाका.

विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्या पोरांना स्टार्ट मेनूत लिनक्सचे प्रोग्राम दिसतात, तेही याच जातीचं. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलीत ग्राफिकल ॲप्लिकेशन्स बंद करता येतात.

आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. मॅकने हॉटस्पॉट ओळखला तरी आतल्या विंडोजला तो साधा इथरनेट दिसतो. चुकून उठवलेलं विंडोज मागे बसून अपडेट ओढत राहतं आणि दुपारपर्यंत दिवसाचा डेटा संपतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, आणि 'मीटर्ड कनेक्शन' (मोजून वापरायचं नेट) चालू करा.

सगळं झाल्यावर तपासणी अशी करा. विंडोज पूर्ण शट डाउन, पॅरलल्समधून बाहेर, मॅक रीस्टार्ट. मग एक्सेल, वर्ड, पीडीएफ, सीएसव्ही प्रत्येकी एक फाइल उघडा, ईमेलमधल्या एका लिंकवर क्लिक करा, आणि कोऱ्या बिलाची ताजी डुप्लिकेट काढून तीही उघडा. कशानेही विंडोज सुरू झालं नाही तर झालं काम. एखाद्याने झालंच, तर त्याच फाइलीवर कमांड-आय.